पाच झालरींचं गाणं

एकुआच्या शिवणखोलीतून बाहेर पडणाऱ्याने उंबऱ्यावर थांबून पिशवी उलटी करून दाखवायची, ही रीत तिच्या आईच्या वेळेपासूनची. पिशवीतून केंकीची, म्हणजे मक्याच्या उकडलेल्या गोळ्याची, पानं पडोत, तपकिरीची डबी पडो नाहीतर खोकल्याची बाटली. कापडाची चिंधी तेवढी पडता कामा नये. नोव्हेंबरात शिवण सुरू झाली की खिडक्यांना आतून जुन्या चादरी लागायच्या. कातरण सगळी एका पोत्यात जायची. पोत्याचं तोंड एकुआ स्वतःच्या हाताने बांधायची आणि नव्या वर्षाची मिरवणूक पार पडली की मगच ते समुद्रकाठी नेऊन जाळायची. तोपर्यंत पहाटतारा या त्यांच्या नाचमंडळीच्या सोंगांचे रंग कुठले आणि ते खालून वर कुठल्या क्रमाने लागणार, हे तीन माणसांना ठाऊक असायचं. एक एकुआ, दुसरे मंडळीचे कप्तान नाना क्वान्सा, आणि तिसरी एकुआची नणंद मान्सा. ती झालरींच्या चुण्या घालायला रोज यायची.

एवढी लपवाछपवी कशासाठी, असं त्या गावात कुणी विचारलं नसतं. बंदरच्या विरोधी मंडळीला रंग आधी कळले तर ते बोकड काढतात, हे शेंबडं पोरही जाणत होतं. अकरा वर्षांमागे वरच्या आळीच्या मंडळीचे रंग फुटले होते. एक जानेवारीला वरची आळी नटूनथटून चौकात येते तो काय, बंदरवाल्यांच्या पुढे एक दाढीवाला बोकड, अंगात हुबेहूब तीच झालर, तेच रंग, तोच क्रम! लोक हसून हसून रस्त्यावर बसले. स्पर्धेच्या परीक्षकांनी तोंडावर रुमाल धरले. वरची आळी त्यानंतर तीन वर्षं रस्त्यावर उतरली नाही, आणि त्यांची शिंपीण मुलीकडे म्हणून दुसऱ्या गावी गेली ती परत आली नाही.

एकुआचं हे शिवणीचं एकोणिसावं वर्ष. वय शेहेचाळीस, नवरा एबो दूरच्या बंदरात मोठ्या बोटीवर, दोन महिन्यांनी एकदा घरी. मुलगी लग्न होऊन गेलेली. म्हणजे बाई रिकामी, असं लोकांना वाटायचं. बाई कुठली रिकामी! उजाडायच्या आधी, सगळं राखाडी दिसत असताना ती मागच्या बागेत उतरायची. विहिरीवरून दहा खेपा पाणी. भेंडी, मिरची, पांढरी वांगी, आणि टोमॅटोची बारा झाडं, तिचा जीव की प्राण; यंदा ती पहिल्यांदाच उताराच्या टोकाला लावलेली. हरमॅटनचा कोरडा वारा सुटला की टोमॅटोची रोपं बघता बघता माना टाकतात. आठवड्याला एकदा त्यांना आणखी वर बांधून घ्यावं लागतं. एकुआ झग्याच्या खिशात हात घालायची, हाताला येईल ती दोरी काढायची, फांदी काठीला लावायची, दोन वेढे, गाठ, की पुढचं झाड. तोंडाने प्रार्थना चालू. "आमच्या स्वर्गातील पित्या" पहिल्या झाडाशी सुरू झालं की बाराव्या झाडाशी आमेन. मेथडिस्ट देवळातल्या बायका तिला चिडवायच्या, "एकुआ, तुझे टोमॅटो तुझ्याआधी स्वर्गात जाणार."

मग अंघोळ, आदल्या दिवशीची केंकी आणि तळलेला मासा, की मशीनवर. बेचाळीस सोंगं. सोंग म्हणजे घोट्यापासून गळ्यापर्यंत एकच ढगळ पोशाख, आणि त्यावर सहा रंगांच्या सहा झालरी. झालर नेहमी खालून वर लावत जायची, म्हणजे वरची खालचीची शिवण झाकते. त्यातून मंडळीची वर्गणी जमेल तसं कापड यायचं, एका वेळी एक रंग. त्यामुळे आधी बेचाळिसांच्या घोट्याच्या झालरी, त्या सगळ्या झाल्या की पोटरीच्या, मग गुडघ्याच्या. ताग्याचा काठ टर्रकन फाडून खिशात टाकायचा, कारण काठ धुण्यात आटतो आणि झालर ओढून धरतो. मग पट्ट्या कापायच्या, मान्साने चुण्या घालायच्या, एकुआने मशीन मारायचं. चार वाजले की दोघी शाळेच्या मैदानात, तालमीला. बॅंडच्या पितळी तुताऱ्या, मोठा ढोल, आणि नाना क्वान्सांची छडी. एकुआ बायकांच्या दुसऱ्या ओळीत. मान्सा पहिल्या ओळीत डावीकडे, कारण गिरकी घ्यावी तर मान्साने. अंधार पडता पडता घरी, सूप चुलीवर, आणि सूप शिजेतो आणखी दोन सोंगांचं दोरे तोडणं.

असं सगळं दरवर्षीसारखं चाललं होतं, डिसेंबरातल्या त्या मंगळवारपर्यंत.

मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत. बंदरची पोरंटोरं दिवसभर उंडारत असतात. एकुआ मीठ घेऊन परतत होती. कोपऱ्यावर केंकीवाली अराबा बसलेली, आणि तिच्या टोपलीभोवती पाचसहा पोरी टाळ्यांचा खेळ खेळत होत्या.

"जांभळा घोटा, लिंबोणी पोटरी,
गोरा गुडघा, तांबडी मांडी,
मोरपंखी कंबर... बे एऽऽऽ!"

शेवटचं 'बे' बोकडाचं होतं. पोरी खिदळत पळाल्या.

एकुआच्या हातातलं मीठ खाली सांडलं. जांभळा, लिंबोणी, पांढरा, तांबडा, मोरपंखी. एक रंग इकडचा तिकडे नाही. पाचवी झालर कालच संध्याकाळी पुरी झाली होती.

"काय गं एकुआ, भूत बघितलंस का?" अराबा म्हणाली. "का तुमच्याकडचं गाणं आहे ते? मला काय बाई, बंदरची पोरं आठवडाभर तेच ओरडतायत. आधी चारच रंग होते, आज कंबर लागली."

"आमच्याकडचं कशाला असेल?"

"नसेल तर नसेल. मग रंग का उडाला तोंडाचा?" अराबाने केंकी पानात गुंडाळत डोळा बारीक केला. "परवा तुझी नणंद आली होती या बाजूला. पाण्याकाठच्या वाटेने गेली, लपत लपत. मी म्हटलं, मान्सा, केंकी घे. तर बघितलं न बघितलंसं केलं. हो, आता तिला बंदरची केंकी गोड लागत असेल!"

झालं. कुणीतरी भिंतीला खिळा ठोकावा तसं ते वाक्य एकुआच्या डोक्यात बसलं. नाना क्वान्सा रंग फोडणार नाहीत. ते मंडळी सोडून दुसऱ्या कशासाठी जगलेच नाहीत. आपण फोडले नाहीत. तिघांतून दोघं गेली की राहतं कोण?

घरी आली तर मान्सा दारातच बसलेली. "वहिनी, किती उशीर! सोनेरी कापड आलं का गं?"

रोज विचारायची तोच प्रश्न. आज एकुआला त्यात काटा दिसला. "तुला कशाला घाई?"

"मला काय, हात रिकामे आहेत म्हणून विचारलं."

सहावा रंग सोनेरी, छातीचा. तो मान्सालाही ठाऊक होता. ऑक्टोबरात नानांच्या ओसरीवर बायबलवर हात ठेवून तिघांनी मिळूनच रंग ठरवले होते. नानांनी नंतर जमिनीवर पूर्वजांसाठी चार थेंब दारूही ओतली होती, तेव्हा एकुआने मेथडिस्ट माणसासारखं दुसरीकडे बघितलं होतं. मग पोरींचं गाणं पाचावरच का थांबलं? मान्साने फोडलं असतं तर सहाही फुटले असते. हा विचार एकुआच्या मनात आला, नाही असं नाही. पण संशयाला कधी उत्तर कमी पडत नाही. ती मनाशी म्हणाली, चलाख आहे ती. एक मुद्दाम मागे ठेवला, म्हणजे आपल्यावर येऊ नये.

त्या संध्याकाळी मान्साने उंबऱ्यावर पिशवी उलटी केली. सुईदोरा, कंगवा, अर्धी कोला. एकुआ म्हणाली, "पदरही झाड."

"काय?"

"कमरेचं वस्त्र सोडून झाड म्हटलं."

मान्सा हसली. मग वहिनी हसत नाही हे बघून तिचं हसू विरलं. तिने वस्त्र सोडलं, झाडलं, परत गुंडाळलं. "जीभ पण बाहेर काढून दाखवू का? तिच्याखाली दोन वार कापड मावेल."

"उद्यापासून मागच्या दाराने जात जाऊ नकोस," एकुआ म्हणाली.

"मला ते जवळ पडतं."

"कशाला जवळ?"

मान्साने पिशवी भरून घेतली आणि मागच्याच दाराने निघाली. एकुआने तेच उत्तर समजलं.

बुधवारी नाना क्वान्सा स्वतः आले. गाणं त्यांच्याही कानावर गेलं होतं. म्हातारा माणूस, पण काठी न टेकता चालायचा. त्या दिवशी टेकत आला. तयार सोंगांच्या ढिगाकडे बघत बसला.

"एकुआ, तुझ्या आईने तीस वर्षं शिवलं. एक दोरा बाहेर गेला नाही."

"माझ्याकडूनही गेला नाही, नाना."

"मग पोरींना स्वप्न पडलं?" त्यांनी काठी दोनदा आपटली. "शनिवारच्या तालमीत मला नाव पाहिजे. सगळ्यांसमोर. ज्याने रंग फोडले त्याला यंदा मुखवटा नाही, म्हणजे मिरवणुकीत नाच नाही, हा नियम माझ्या आजोबांचा आहे. नाव मिळालं नाही तर मंडळीच रस्त्यावर उतरणार नाही. बोकडाच्या मागून चालण्यापेक्षा घरात बसलेलं बरं."

"मंडळीच नाही?"

"नाहीच. आणि शिवण पुढच्या वर्षी दुसरीकडे जाईल. मी काय करू? लोक मला विचारणार, खोली कुणाची? किल्ली कुणाकडे?"

एकुआने मान खाली घातली. नाव तिच्या ओठांवर आलेलंच होतं. शनिवारपर्यंत दात आवळून धरलं इतकंच.

त्यानंतर तिला मान्साच्या प्रत्येक हालचालीत खोट दिसू लागली. तालमीत डावीकडच्या गिरकीला मान्सा चुकली. पाय अर्ध्यात टेकवून तिने ती सावरून घेतली. एकुआ मनात म्हणाली, मनात पाप असलं की पायाला ताल सापडत नाही. मान्सा बॅंड थांबल्यावर झाडाखाली एकटी जाऊन बसली. एकुआला वाटलं, तोंड लपवते आहे. गुरुवारी मान्साने बंदरचा खारवलेला मासा आणला, "घे वहिनी, स्वस्त मिळाला." एकुआने तो घेतला, आणि मान्सा गेल्यावर मांजराला टाकला. आपल्या घरच्या माणसाने आणलेलं अन्न तिने असं कधी टाकलं नव्हतं. मांजराने मात्र देवाचे आभार मानून खाल्लं.

बागेतही जीव लागेना. शुक्रवारी पहाटे, त्या राखाडी उजेडात ती टोमॅटो बांधत होती. वाऱ्याने शेंडे कलले होते; कमरेच्या उंचीवरच्या गाठी आणखी पक्क्या करायला हव्या होत्या. खिशात हात, दोरी, दोन वेढे. "जसे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो" इथपर्यंत ती सातव्या झाडाशी आली आणि जीभ अडली. पुढचे शब्द पाठ होते. पण म्हणवेनात. तिने आठवं झाड मुकाट्याने बांधलं, नववं, दहावं. बाराव्याशी आमेन नाही की काही नाही. बादली उचलून वर आली.

त्याच सकाळी तिला मान्सा दिसली. मागच्या आवाराच्या खालून, पाण्याकाठच्या वाटेने, डोक्यावरून वस्त्र ओढून झपझप बंदराकडे निघालेली. कामाला यायच्या वेळी!

"आता सापडली," एकुआ म्हणाली आणि मशीनवर झाकण टाकून तिच्या मागे निघाली.

उभ्या जन्मात तिने कुणाचा पाठलाग केला नव्हता. झाडाआडून झाडाआड जाताना तिची तिलाच लाज वाटत होती, पण पाय थांबत नव्हते. मान्सा मिठागरं ओलांडून बंदरच्या पहिल्या गल्लीत शिरली. तिथे एका ओसरीवर एक जख्ख म्हातारी बसली होती. एकुआ जाळ्यांच्या ढिगाआड थांबली. बंदरच्या मंडळीचं कुणी येईल, कापडाची चिंधी हातात पडेल, आणि आपण पुढे होऊन मनगट धरू, असं तिने मनात ठरवून ठेवलं होतं.

मान्साने गुडघ्यापर्यंत वस्त्र वर घेतलं. डावा गुडघा केंकीच्या गोळ्याएवढा सुजलेला. म्हातारीने वाटीत हात बुडवला आणि तेल चोळायला घेतलं. मान्साने ओठ चावले.

"नाच बंद कर म्हटलं होतं ना तुला?" म्हातारीचा आवाज खणखणीत होता.

"आता दहा दिवस राहिले, आजी. तेवढे काढून दे. नानांना कळलं तर मला मागच्या ओळीत टाकतील."

"आणि पाय गेला तर?"

"गेला तर दोन जानेवारीला जाऊ दे."

दुसरं काही घडलं नाही. कापड नाही, कानगोष्ट नाही. म्हातारी चोळत राहिली, बंदरातल्या कोंबड्या ओसरीवर चढत राहिल्या. एकुआ जाळ्यांच्या ढिगाआड इतकी खाली वाकली की माशांचा वास तिच्या केसांत बसला.

ती परत फिरली. वाटेत मनाची आणखी एक खटपट चालूच होती: गुडघा खरा असेल, पण गुडघ्यासाठी आलेली बाई बोलताही असेल. संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा लवकर उठत नाही. मिठागरं संपली, वाट वळली. ऊन चांगलं वर आलं होतं. तिने घाम पुसायला मान वर केली आणि समोर तिला स्वतःची बाग दिसली.

या वाटेने घराकडे तोंड करून ती वर्षानुवर्षं आली नव्हती. बाजाराला, देवळाला, तालमीला जायचं तर पुढचं दार. आपली बाग खालून कशी दिसते हे तिला माहीतच नव्हतं. उतारावर, पांढऱ्या धुतलेल्या भिंतीसमोर, टोमॅटोच्या बारा काठ्या एका ओळीत उभ्या होत्या. कोरड्या वाऱ्याने खालची पानं झडून गेली होती. आणि प्रत्येक काठीला, खालून वर, जांभळी गाठ. तिच्यावर लिंबोणी. तिच्यावर पांढरी. तांबडी. मोरपंखी. बारा बारीक सोंगं हातात हात घालून बंदराच्या वाटेकडे तोंड करून उभी असावीत, तशी.

एकुआ तिथेच वाटेवर बसली.

काठ! ताग्याचा काठ. तिच्या आईनेही फाडून खिशात टाकला होता, आईच्या आईनेही. काठ म्हणजे शिंपिणीच्या लेखी कापड नव्हेच; ती फुकटची दोरी. त्याने पोतं बांधायचं, भोपळ्याचा वेल बांधायचा, केसांची वेणी बांधायची. कातरणीच्या पोत्याला तीन गाठी मारणाऱ्या एकुआला काठ पोत्यात टाकायचं सुचलं नव्हतं, कारण काठाला तिने कधी कातरण मानलंच नव्हतं. आणि झाड तर आठवड्याला वीतभर वाढणारं. पहिल्या आठवड्यात शिवण घोट्याशी, तेव्हा झाडही घोट्याएवढं. शिवण पोटरीला आली तेव्हा झाड पोटरीएवढं. तिने जवळजवळ दोन महिने, दर आठवड्याला पहाटे, रंग दिसत नसताना, देवाचं नाव घेत, आपलं गुपित गाठी मारून मारून सगळ्या गावासाठी लिहून ठेवलं होतं. बंदरच्या पोरी पाण्याला जाताना ते वाचत होत्या, इतकंच. सहावा रंग त्यांना कळला नाही कारण सोनेरी कापड अजून यायचं होतं.

मागून पावलं वाजली. एक पाय जरा ओढत टाकलेला.

"वहिनी? तू इथे काय करतेस?" मान्साने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या केसांत अडकलेला माशाचा खवला बघितला, मग बंदराकडे. तिला कळायला वेळ लागला नाही. "माझ्या मागे आली होतीस."

एकुआने नुसतं बोट वर केलं.

इतके दिवस डोक्यावरून वस्त्र ओढून, खाली मान घालून या वाटेने गेलेल्या मान्साने बागेकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग ती मागच्या दाराने न जाता लांबच्या वाटेने निघून गेली.

काठ्या उपटून टाकाव्यात, गाठी कापून चुलीत घालाव्यात, हा विचार एकुआच्या मनात आला. कुणाला कळलं नसतं. मान्सा बोलली तरी लोक वहिनीवर आळ घेते म्हणाले असते. अराबाने तिला बंदरच्या वाटेवर बघितलेलं होतंच. नाव तयार होतं, साक्षीदार तयार होता. एकुआने कात्री हातात घेतली होती. मग तिने सातव्या झाडाशी अडलेले ते शब्द पुन्हा म्हणून बघितले. या वेळी अडले नाहीत, पण त्यांचा अर्थ बदलला होता. क्षमा करायची पाळी तिची नव्हतीच, मागायची होती.

शनिवारी चार वाजता मैदानात बॅंड गप्प होता. चाळीस माणसं गोल करून उभी. नाना क्वान्सा मध्ये खुर्चीवर. एकुआ आली ती हातात एक लांब काठी घेऊन, टोमॅटोची, मुळाशी माती तशीच, पाचही गाठींसकट. तिने ती नानांच्या समोर जमिनीत रोवली.

"नाव मागितलं होतंत, नाना. हे घ्या."

कुणाला आधी काही कळेना. मग पुढच्या ओळीतली एक बाई खालून वर बोट नेत पुटपुटली, "जांभळा घोटा, लिंबोणी पोटरी..." आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"काठाने बांधलं," एकुआ म्हणाली. "बारा झाडं. माझ्या हाताने. दुसऱ्या कुणाची एक चिंधी बाहेर गेलेली नाही. मी मात्र घरच्या माणसाची झडती घेतली, वस्त्र सोडून. तेही सगळ्यांना कळू दे."

नानांनी काठीकडे बघितलं, मग डोळे मिटून घेतले. "तुझी आई काय म्हणाली असती?"

"ती म्हणाली असती, टोमॅटो बांधायला केळीचं सोपट काय वाईट होतं," मागून मान्साचा आवाज आला. दोनचार माणसं हसली. मान्सा पुढे आली. वहिनीकडे न बघता नानांना म्हणाली, "नियम तुमच्या आजोबांचा. मुखवटा नाही तर नाही. पण बोकडाचं काय करायचं ते बोला. नऊ दिवस आहेत."

"नऊ दिवसांत बेचाळीस सोंगं नवी होतात काय?"

"नवी कशाला? घोट्याची जांभळी उसवायची. दोन घोट्यांची झालर जोडली की एका छातीची होते, बरोबर मापात. सोनेरी येणार ते घोट्याला. सगळ्यांत खालची आहे, उसवायला सगळ्यांत सोपी. बोकडाचे पाय जांभळे, आमचे सोनेरी. मग बघू कोण कुणासारखं दिसतं." आता कुठे ती एकुआकडे वळली. "होईल का, वहिनी?"

एकुआने मनात हिशेब केला. चौऱ्याऐंशी पाय. "होईल. पण चुण्या घालणारी..."

"चुण्या तू घालायच्या. मशीनवर मी बसणार. आणि किल्ली माझ्याकडे."

नाना क्वान्सांनी मान डोलावली आणि गोलातल्या सगळ्यांना बायबलची शपथ घातली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बॅंडवाल्याने तुतारी झटकली, ढोल सुरू झाला, आणि दुसऱ्या ओळीतली एकुआची जागा बायकांनी सरकून भरून घेतली. एकुआ मैदानाच्या कडेला उभी राहिली. मान्सा डावीकडच्या गिरकीला पोचली तेव्हा तिने श्वास धरला. गुडघ्याबद्दल तिने कुणाला सांगितलं नाही, पुढेही कधी नाही.

ते नऊ दिवस म्हणजे दोघींची चांगलीच परीक्षा होती. मान्साचं मशीन एकुआइतकं सरळ जात नसे, आणि एकुआ बघून गप्प बसत नसे. "टाका मोठा येतोय." "येऊ दे. काठाने नाही ना शिवत?" नाताळच्या दिवशी देवळातून येऊन दोघी तशाच बसल्या. एबो सुट्टीला आला तर त्यालाही उसवायला बसवलं. बिचारा म्हणाला, बोटीवर बरं होतं. आणि रोज संध्याकाळी काम आटपलं की मान्सा उंबऱ्यावर हात कमरेवर ठेवून उभी राहायची.

"पिशवी."

एकुआ तिच्याच घराच्या उंबऱ्यावर पिशवी उलटी करायची.

"खिसा."

एकुआ झग्याचा खिसा बाहेर ओढून दाखवायची. एकदा त्यातून दोरीचं वेटोळं पडलं. मान्साने उचलून उजेडात धरलं.

"केळीचं सोपट आहे," एकुआ म्हणाली.

"बघतेय ना मी," मान्सा म्हणाली आणि ते दाताने ओढून बघितलं.

एक जानेवारीला एकुआ रस्त्याच्या कडेला, अराबाच्या टोपलीशेजारी उभी होती. आदल्या रात्रीच्या प्रार्थनेला घातलेला पांढरा पोशाख तिच्या अंगावर तसाच होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती मिरवणूक बाहेरून बघत होती. बंदरची मंडळी आली. पुढे बोकड, घोट्याला जांभळं, पोटरीला लिंबोणी, कमरेला मोरपंखी, छाती उघडी. पोरी टाळ्या वाजवत होत्या, "जांभळा घोटा, लिंबोणी पोटरी!" आणि पलीकडून ढोल वाजला. पहाटतारा वळणावरून आत आली. चाळीसच्या वर माणसं, तारेच्या जाळीचे मुखवटे, आणि पाऊल उचललं की घोट्याशी सोन्याचा लखलखाट. पोरींनी गाणं पुन्हा सुरू केलं. 'घोटा' म्हणताना त्यांचे डोळे खाली गेले, आणि तिथेच गाणं अडखळलं. कुणीतरी हसलं. बोकडाने एका प्रेक्षकाची टोपी खायला घेतली, आणि मग लोक बोकडालाच हसू लागले.

मुखवट्याआड कोण कुठलं, कळायची सोय नव्हती. पण पहिल्या ओळीतलं डावीकडचं एक सोंग गिरकी घेताना डावा पाय किंचित जपून टेकत होतं. ते एकुआच्या समोर आलं तेव्हा थांबलं. बॅंड पुढे गेला, ओळ पुढे गेली. एकुआने प्रत्येक सोंगाला रुमालासाठी म्हणून एक खिसा शिवलेला असे. त्या सोंगाने दोन बोटांनी खिसा धरला, पूर्ण बाहेर ओढला, हलवून हलवून दाखवला. रिकामा.

मग त्याने एकुआच्या झग्याकडे बोट दाखवलं.

अराबा म्हणाली, "हे काय गं? काय मागतंय ते?"

एकुआने भर रस्त्यात आपला खिसा उलटा केला.